पिंपरीची माती आणि गिरगावचे गजकर्ण

पावसाळा आला की गिरगावातल्या चाळींत दोन गोष्टी हटकून दिसतात. गॅलरीत चार-चार दिवस न वाळणारे कपडे आणि गजकर्णाने हैराण झालेली माणसे. आमच्या लहानपणी नायटा म्हणजे महिनाभराचे दुखणे. मलम चोळले की तो जायचा. आता तसे राहिलेले नाही. वर्ष-वर्ष औषध घेऊनही खाज न गेलेली माणसे माझ्याच ओळखीत आहेत. असे का झाले, हे शोधताना मी थेट पिंपरीला जाऊन पोहोचलो. मी आयुष्यभर मराठी शिकवले, तेव्हा शास्त्र मला जेवढे उमगले तेवढेच सांगतो.

पुण्याजवळच्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पेनिसिलिन देशातच बनवावे, हा मुख्य हेतू. तिथल्या संशोधन विभागात डॉ. एम. जे. तिरुमलाचार (१९१४-१९९९) होते. गृहस्थ कर्नाटकातले आणि मूळचा अभ्यास पिकांवरच्या बुरशींचा. शेतकरी ज्याला तांबेरा आणि काणी म्हणतो, त्या रोगांचे ते जाणकार. डॉ. मुंडकूर यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेला भारतातल्या काणीच्या बुरशींवरचा ग्रंथ १९५२ साली निघाला. ज्वारीच्या कणसावरची बुरशी ओळखणारा हा माणूस पिंपरीत माणसाच्या बुरशीवर औषध शोधू लागला.

ते सापडले कुठे, तर मातीत! पहिल्या पावसाचा जो मृद्गंध आपल्याला वेडावतो, तो बराचसा मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूंचा असतो. हेच जिवाणू शेजारच्या बुरशीला मारणारी द्रव्येही तयार करतात. मातीचे नमुने आणायचे, त्यांतले जिवाणू एकेक करून काचेच्या बशीत वाढवायचे, शेजारी बुरशी लावायची आणि ती कुठे मागे हटते ते बघत बसायचे. हे काम निवडणटिपणासारखे, चिकाटीचे. त्यातून तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी १९६१ साली हॅमायसीन जाहीर केले. नावातला 'हॅ' हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा आणि जिवाणूचे नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आपल्या पिंपरीचे नाव असे शास्त्रात कायमचे कोरले गेले. पुढे याच प्रयोगशाळेतून पिकांसाठी ऑरिओफंगिन आले. त्यावर काम करणाऱ्यांत रहाळकर हे मराठी नावही दिसते. तिरुमलाचारांबरोबर बुरशींवर काम केलेले अरविंद पाध्ये तर पुढे अटलांटाच्या सीडीसी या प्रख्यात संस्थेत गेले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बुरशीच्या पेशीभोवतीच्या पडद्यात अर्गोस्टेरॉल असते, आपल्या पेशीत त्याऐवजी कोलेस्टेरॉल. हॅमायसीनच्या जातीची औषधे त्या अर्गोस्टेरॉललाच धरतात आणि पडदा निकामी करतात. बुरशीला यातून सुटका करून घेणे अवघड जाते. मात्र ही औषधे पोटातून रक्तात नीट उतरत नाहीत. म्हणून सोयीची नवी औषधे आली. त्यांतले टर्बिनाफिन हे अर्गोस्टेरॉल तयार करणाऱ्या एका विकरालाच अडवते. पण त्या विकराच्या जनुकात एक अक्षर बदलले, तरी औषधाची पकड सुटू शकते. शुद्धलेखनाची एक चूक, आणि कुलपाला किल्ली लागेनाशी होते! आणखी एक युक्ती म्हणजे आत आलेले औषध बाहेर उपसून टाकणे. कॅन्डिडा या बुरशीतल्या अशा उपशाच्या पंपाचे जनुक दिल्लीच्या जेएनयूचे प्रा. राजेंद्र प्रसाद आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी १९९५ साली उजेडात आणले.

गजकर्णाच्या ज्या चिवट बुरशीने आज भारतात ठाण मांडले आहे, तिला २०२० साली ट्रायकोफायटन इंडोटिनी असे नाव मिळाले. म्हणजे नावातच इंडिया! पिंपरीचे नाव औषधाच्या जिवाणूला लाभले, देशाचे नाव मात्र रोगाच्या बुरशीला. तिच्या फैलावामागे दुकानात सहज मिळणारी स्टिरॉइड मिसळलेली मलमे हे एक कारण मानले जाते. त्यांनी खाज थांबते, पण कातडीचा प्रतिकार मंदावतो आणि बुरशी आत सुखाने वाढते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी काही स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. नियम झाला, पण सवय कुठे जाते? "ते पिवळ्या ट्यूबवालं द्या हो," असे म्हणत काउंटरवर उभी असलेली माणसे आजही दिसतात. चार दिवसांत बरे वाटले की औषध बंद, आणि उरलेली ट्यूब शेजाऱ्याला.

अर्धवट औषधाने दुबळी बुरशी मरते आणि चिवट तेवढी उरते. मग तीच टॉवेलातून, गादीवरून घरभर फिरते. चाळीच्या टाकीतले पाणी एकाने उधळले तर ते सगळ्यांचेच संपते. औषधाच्या गुणाचेही तसेच आहे. तो मी विकत घेतलेल्या ट्यूबमध्ये नसतो, सर्वांच्या सामाईक ठेवीत असतो. मातीतून कणाकणाने ती ठेव जमवायला तिरुमलाचारांसारख्यांची उमेदीची वर्षे खर्ची पडली. ती संपवायला आपल्याला तेवढा वेळ लागत नाही.