‘पाहा’ या शब्दाची वाटचाल

शाळा अर्ध्यावर सुटलेल्या माणसाला पुस्तक हेच मास्तर, आणि त्या मास्तरांचे बोट म्हणजे ‘पाहा’ हा शब्द. मराठी विश्वकोशातील नोंदीखाली ‘पहा’ म्हणून दोन-चार नावे दिलेली असतात. ती वाट धरूनच आम्ही पुष्कळ शिकलो. संगणकाची भाषा शिकणाऱ्या मुलांनाही हेच बोट लागते. तयार हत्यारांच्या संचाला, म्हणजे ‘लायब्ररी’ला, माहितीची पाने जोडलेली असतात, आणि एका पानावरून दुसऱ्यावर नेणारे दुवे त्यांत असतात.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या युनिक्स पुस्तिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. केन टॉम्पसन व डेनिस रिची हे तिचे कर्ते. तीत ‘हेही पाहा’ असा मथळा असे व त्याखाली नुसती नावे. पाने अकारविल्हे लावलेली. नाव ठाऊक असले की पान सापडे. १९९६ साली जावा भाषेबरोबर आलेल्या ‘जावाडॉक’नेही नावावरूनच दुवा जोडला. २००८ मध्ये गेऑर्ग ब्रांडल यांनी पायथनच्या माहितीसाठी ‘स्फिंक्स’ केले, त्यातही तीच रीत.

रस्ट भाषेत मात्र उलटे घडले. तिची १.० आवृत्ती मे २०१५ ची. तेथे लिहिणाऱ्याने नाव न देता फाइलीचा पत्ता हाताने लिहावयाचा: दोन पायऱ्या वर चढा, अमक्या दालनात शिरा, तमकी फाइल उघडा! त्या फाइलीच्या नावातच वस्तूचा प्रकार गोवलेला असे. ‘स्ट्रक्ट’चा ‘एनम’ झाला की पत्ता खोटा. शिवाय एके ठिकाणी लिहिलेला मजकूर दुसऱ्या दालनातही छापला जाई, आणि पहिल्या जागेवरून बरोबर निघणारी वाट दुसरीवरून भलत्याच दारात नेई. जाणत्याला याचे काही वाटत नाही, तो शोधून काढतो. नवशिक्याला मात्र वाटते की आपलीच अक्कल कमी. हा अन्याय आम्हांस लहान वाटत नाही.

२०१७ मध्ये प्रस्ताव आला की, नाव लिहावे आणि पत्ता यंत्राने काढावा. तो पक्का होऊन १९ नोव्हेंबर २०२० च्या १.४८ आवृत्तीत सर्वांच्या हाती पडला. नाव सापडले नाही तर यंत्र आता इशारा देते. एकाच नावाचे दालन व कार्य असेल, तर कोणते हवे तो प्रकार आधी लिहावा लागतो. अर्थात दुवा योग्य जागी नेतो की नाही, ते यंत्राला कळत नाही.

जुने पत्ते तरी आपोआप थोडेच बदलणार? मूळ लायब्ररीची पाने पुष्कळ स्वयंसेवकांनी वाटून घेतली, आणि फावल्या वेळात, मजुरीवाचून, दुव्यामागून दुवा दुरुस्त केला. पूर्वीचा लांबलचक पत्ता खोडावयाचा व त्या जागी चौकटी कंसात नाव ठेवावयाचे, एवढेच ते काम होते.