खर्ड्याची रात्र आणि बंद लखोट्याचा पुरावा

#थ्रेड #इतिहास

१/
११ मार्च १७९५. आजच्या जामखेड तालुक्यातील खर्डा येथे मराठे आणि निजाम अली खान यांची लढाई झाली. निजामाच्या सैन्याचा धीर सुटला तो मात्र रात्री. ग्रँट डफच्या हकिकतीनुसार (१८२६) घोड्यांसाठी पाणी शोधत निघालेली मराठ्यांची एक लहान टोळी ओढ्याकाठी मोगलांच्या तुकडीसमोर आली. बार झाले, रेमंडच्या पहारेकऱ्यांनीही गोळ्या झाडल्या आणि छावणीभर घबराट पसरली. निजामाने खर्ड्याच्या किल्ल्याचा आश्रय घेतला.

२/
अशा प्रसंगी इतिहासकाराचा पहिला प्रश्न असतो: आधी बार कोणी काढला? अंधारात कोण काय बोलले हे कळत नाही, पण घटनांचा क्रम लागला तर कारण हाती येते.
हाच प्रश्न आज निराळ्या वेषात येतो. अर्जाच्या शेवटच्या दिवशी सेवा केंद्रातील पडद्यावर ‘सुरक्षित जोडणी होऊ शकली नाही’ असे उमटते. केंद्रचालक संकेतस्थळाला दोष देतो, संकेतस्थळवाले इंटरनेट पुरवठादाराला. मुदत टळते ती अर्जदाराची.

३/
पेशवेकालीन पत्रांवर लिहिल्याची मिती असते आणि पत्र पावल्यावर घातलेली पैवस्तीची तारीख असते. या दोहोंतील अंतर म्हणजे वाटेत गेलेला काळ. उत्तराला विलंब जासुदामुळे झाला की कारकुनामुळे, हे मजकुराचे एक अक्षर न वाचता सांगता येते. पत्राच्या शेवटी मोर्तब होई, म्हणजे त्याखाली कोणाला ओळ वाढवता येऊ नये.

४/
संगणकाच्या जाळ्यातील पैवस्तीची वही म्हणजे पॅकेट कॅप्चर. १९८८ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मकॅन यांनी ‘टीसीपीडम्प’ लिहिले. १९९८ मध्ये जेराल्ड कोंब्स यांचे ‘इथेरियल’ आले. २००६ पासून ते ‘वायरशार्क’ या नावाने ओळखले जाते. प्रत्येक पॅकेट कोठून आले, कोठे गेले, त्याचा अनुक्रमांक कोणता आणि ते कोणत्या क्षणी दिसले, एवढे या नोंदीत असते.

५/
१९९५ मध्ये नेटस्केपने ‘एसएसएल २.०’ प्रसिद्ध केले. १९९९ मध्ये त्याच परंपरेतून ‘टीएलएस’ प्रमाणित झाले. मजकूर कूटबद्ध झाला. तरी तपासाचा मार्ग बंद झाला नाही, कारण कुलूप लावण्याआधी ते कोणते असावे हे दोन्ही बाजूंना ठरवावे लागते. ब्राउझरचा पहिला निरोप, ‘क्लायंट हॅलो’, सहसा उघड जातो. त्यात आपल्याला चालणाऱ्या आवृत्त्या, कूटपद्धती आणि बहुधा संकेतस्थळाचे नावही असते.

६/
आता लक्षणे पाहावीत.
‘सिन’ हे पहिले पॅकेट पुन्हा पुन्हा जाते आणि उत्तर येत नाही: वाटेतील फायरवॉल ते गिळत आहे किंवा सर्व्हरच बंद आहे. येथे टीएलएसला दोष देण्यात अर्थ नाही, कारण संभाषण तिथवर पोहोचलेलेच नाही.
‘क्लायंट हॅलो’नंतर सर्व्हरकडून ७० क्रमांकाचा इशारा येतो: आवृत्ती जुळत नाही. टीएलएस १.० आणि १.१ मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाले. न बदललेली जुनी यंत्रे येथे अडतात.

७/
इशारा ब्राउझरकडून ४८ क्रमांकाचा असेल, तर प्रमाणपत्रावर शिक्का मारणारी संस्था त्याच्या ओळखीची नाही. ४५ असेल तर प्रमाणपत्राची मुदत संपली आहे, किंवा संगणकाचे घड्याळ चुकले आहे. टीएलएस १.३ मध्ये असे इशारे बहुधा झाकलेले जातात. मात्र कोणत्या बाजूने छोटे पॅकेट आले आणि लगेच जोडणी तुटली, हे तेव्हाही दिसते.

८/
आणखी एक फसवे लक्षण आहे. लहान पॅकेटे सुरळीत जातात, सर्व्हरची प्रमाणपत्रे घेऊन येणारी मोठी पॅकेटे मात्र पोहोचत नाहीत. वाटेतील एखाद्या टप्प्याची मर्यादा कमी असते आणि ‘पॅकेट मोठे आहे’ हा उलट निरोप कोणीतरी अडवलेला असतो. पडद्यावर फक्त चक्र फिरत राहते.

९/
कधी जोडणी तोडणारे ‘रीसेट’ पॅकेट सर्व्हरच्या नावाने येते, पण ते सर्व्हरने धाडलेलेच नसते. प्रत्येक पॅकेटवर ‘टीटीएल’ हा आकडा असतो आणि वाटेतील प्रत्येक राउटर तो एकाने घटवतो. सर्व्हरच्या इतर पॅकेटांहून हा आकडा वेगळा दिसला, तर पत्रावर नाव एकाचे आणि हस्ताक्षर दुसऱ्याचे असावे असा संशय येतो.
‘क्लायंट हॅलो’तील उघडे नाव वाचून भारतातील एक मोठा पुरवठादार संकेतस्थळे रोखत असल्याचे ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’च्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले.

१०/
एकाच टोकाची नोंद अपुरी असते. खर्ड्यासाठी केवळ ग्रँट डफवर विसंबता येत नाही. वासुदेवशास्त्री खरे यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त छापलेली पटवर्धनांची पत्रे शेजारी ठेवावी लागतात. तसेच येथेही. पॅकेट निघाल्याची नोंद ब्राउझरकडे आहे आणि पोहोचल्याची नोंद सर्व्हरकडे नाही, तर दोष वाटेत आहे. दोन्ही घड्याळे जुळलेली असावीत, एवढी अट.

११/
एक फरक मात्र मोठा आहे. पटवर्धनांची पत्रे शतकानंतर उघडली आणि वाचली गेली. २०१८ मध्ये प्रमाणित झालेल्या टीएलएस १.३ मध्ये नेहमीच्या जोडणीची किल्ली तेवढ्यापुरती घडते आणि नंतर टाकून दिली जाते. पुढे सर्व्हरची खासगी किल्ली सापडली, तरी तिच्याने जुने संभाषण उघडत नाही. आजच्या व्यवहारांचे कॅप्चर कोणी जपून ठेवलेच, तर उद्याच्या अभ्यासकाला त्यात मिती, पैवस्ती आणि पत्ता मिळेल. मजकुराविना, तेवढ्यावरच त्याला कोणाचा दोष होता हे ठरवावे लागेल.