सहभोजन की उष्टे?

'आंबणे' हे क्रियापद संस्कृत 'अम्ल'पासून आले आणि पदार्थ आंबट झाला की त्याचे काम संपते. पुस्तकी 'किण्वन'ही फार पुढे जात नाही. त्यातले 'किण्व' म्हणजे मद्य करताना घालायचे आंबवण. कौटिल्याने सुराध्यक्षाच्या प्रकरणात ते सांगितले आहे. जिवाणूंची पंगत मात्र इथे उठत नाही. गोबरगॅसच्या बंद टाकीत साखरेपासून झालेले अल्कोहोल आणि आम्ले हेच पुढच्यांचे अन्न.

त्यातल्या ब्युटिरिक आम्लाचे नाव लॅटिन 'ब्युटिरम'वरून, म्हणजे लोण्यावरून पडले. खवट लोण्याचा वास त्याचाच. प्रोपिऑनिकच्या पोटात ग्रीक 'पहिली चरबी' आहे. ही दोन्ही ऑक्सिजनशिवाय मोडली की ॲसेटिक आम्लाबरोबर हायड्रोजन सुटतो, आणि खरी अडचण तो हायड्रोजनच करतो. तो साचला की मोडणेच थांबते. प्रोपिऑनिकसाठी त्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दहा-हजाराव्या भागाखाली राहावा लागतो. तो खाऊन संपवतात मिथेन करणारे आर्किया, जे जिवाणूंहून वेगळ्या कुळातले.

'मिथेनोबॅसिलस ओमेलियान्स्की' नावाचा एकच जीव अल्कोहोलपासून मिथेन करतो, असे कित्येक वर्षे मानले जाई. १९६७ साली मार्व्हिन ब्रायंट आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ते दोघे आहेत: एक अल्कोहोलचे ॲसेटिक आम्ल करून हायड्रोजन सोडतो, दुसरा तो हायड्रोजन खातो. पहिल्याला एकटे ठेवले तर त्याची वाढ खुंटते.

या नात्याला 'सिंट्रॉफी' म्हणतात. ग्रीक 'सिन' म्हणजे सह, 'ट्रोफी' म्हणजे पोषण. मराठीत 'सहभोजन' चटकन सुचते. जातिभेद मोडू पाहणाऱ्या सुधारकांच्या पंगतींमुळे तो शब्द मला प्रिय आहे. पण तिथे सगळ्यांच्या पानात एकच अन्न असते. इथे दुसऱ्याच्या वाट्याला येते ते पहिल्याचे उष्टे, संस्कृत 'उच्छिष्ट'. आणि हे उष्टे कोणी उचलले नाही, तर पहिल्यालाच घास गिळवत नाही. म्हणून मी 'उष्टे' या शब्दाच्या बाजूने आहे.

टाकीत एकदम खूप शिळे अन्न ओतले की हेच घडते. आंबवणारे भराभर आम्ले करतात, हायड्रोजन खाणारे मागे पडतात, शेणकाला आंबट होतो आणि शेगडी नीट पेटेनाशी होते. अशा वेळी काही दिवस नवे अन्न घालणे बंद ठेवून चालू टाकीतला ताजा शेणकाला त्यात सोडावा लागतो.