मुंबईच्या करदात्यांचा खर्चावरील अधिकार

इ. स. १८८८ सालीं ऑर्थर क्रॉफर्ड याच्या लांचलुचपतीचें प्रकरण पुण्यास फार गाजलें. चौकशी मंडळानें लांच घेतल्याचा आरोप शाबीत धरला नाहीं. तथापि हाताखालील लोकांकडून कर्ज काढल्याबद्दल त्यास नोकरींतून काढण्यांत आलें. लांच दिल्याचें कबूल करणाऱ्या मामलेदारांची बाजू टिळकांनीं लढविली, त्यामुळें महाराष्ट्रास क्रॉफर्ड ठाऊक आहे तो याच प्रकरणावरून. परिणाम असा कीं, त्याच्या मुंबईंतील म्युनिसिपल कारभाराकडे पाहतांना आपली दृष्टि आधींच कलुषित होते, व १८७१ सालची चळवळ म्हणजे एका उधळ्या अधिकाऱ्याविरुद्धची ओरड एवढाच तिचा अर्थ केला जातो. आम्हांस हा अर्थ अपुरा वाटतो.

त्या वेळचें शहर कसें होतें तें प्रथम पाहिलें पाहिजे. अमेरिकेंतील यादवीमुळें (१८६१–६५) कापसाचे भाव चढले, मुंबईंत पैशाचा पूर आला, आणि कोटाच्या भिंती पाडून शहर बाहेर पसरूं लागलें. गोविंद नारायण माडगांवकर यांचें ‘मुंबईचें वर्णन’ याच भरभराटींत, १८६३ सालीं, प्रसिद्ध झालें. पुढल्याच वर्षींच्या शिरगणतींत ८,१६,५६२ वस्ती भरली. १८६५ सालीं यादवी संपतांच सट्टा कोसळला व बॅकबे कंपनी बुडाली. १८७२ च्या शिरगणतींत वस्ती ६,४४,४०५ च भरली. म्हणजे जीं कामें श्रीमंत शहराच्या मापानें योजिलीं, त्यांचीं बिलें भरण्याची पाळी दिवाळें निघालेल्या शहरावर आली. झगड्याचें मूळ आम्ही येथें मानतों.

त्याच १८६५ सालीं नवा कायदा होऊन शहराचा कारभार जस्टिस ऑफ दि पीस या मंडळींच्या नांवें झाला. हे जस्टिस सरकारनें नेमलेले, आणि तेही तहहयात. करदात्यांचा त्यांच्या नेमणुकींत कांहीं एक हात नव्हता. अंमलबजावणीची सर्व सत्ता एकट्या कमिशनरच्या, म्हणजे क्रॉफर्डच्या, हातीं होती. त्यानें शहराची घाण काढली, रस्ते रुंद केले, १८६९ सालीं मंडई पुरी केली. हीं कामें निरुपयोगी होतीं असें कोणी म्हणूं नये. त्या मंडईंत आजहि गर्दी असते. पण घरपट्टी, हलालखोरपट्टी वगैरे देणाऱ्यास आपला पैसा किती व कशावर गेला हें विचारण्यास जागाच नव्हती.

जून १८७१ मध्यें जस्टिसांच्या सभेंत फोर्ब्स यांनीं कमिशनरची सत्ता आंखडून खर्च टाउन कौन्सिलच्या ताब्यांत देण्याची सूचना आणिली. नवरोजी फर्दुनजी वगैरे पुढारी करदात्यांच्या बाजूस होते. या गदारोळांत २६ वर्षांच्या फिरोजशहा मेहता यांनीं नोव्हेंबरांत निबंध वाचून क्रॉफर्डच्या कामगिरीची तरफदारी केली, ती श्रोत्यांस मुळींच रुचली नाहीं. परंतु त्या निबंधांतील खरा मुद्दा निराळा होता. कारभार एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे असूं द्या, मात्र त्याजवर देखरेख करणारी सभा करदात्यांनीं निवडलेली असूं द्या, असें मेहता यांचें म्हणणें होतें. दोष माणसाचा नसून घटनेचा आहे, हें त्या सभेंत त्यांच्याइतकें स्पष्ट कोणी बोललें नसावें.

१८७२ च्या कायद्यानें दोन्ही पक्षांस थोडथोडें दिलें. कमिशनर राहिला. ६४ सभासदांच्या कॉर्पोरेशनांत ३२ करदात्यांनीं, १६ जस्टिसांनीं निवडावयाचे व १६ सरकारनें नेमावयाचे असें ठरलें. आणि जमाखर्चावर नजर ठेवण्यास बारा जणांचें टाउन कौन्सिल आलें, ज्यांतील आठ कॉर्पोरेशननें निवडावयाचे होते. १८८८ च्या कायद्यानें सभासद ७२ केले, त्यांपैकीं करदात्यांचे ३६. आमच्या समजुतीप्रमाणें या बारा जणांच्या कौन्सिलाचें महत्त्व मतपेटीहून कमी नव्हतें. वर्षांतून एकदां मंजूर केलेलें अंदाजपत्रक वर्षभर पाळलें जातें कीं नाहीं तें तेथेंच कळावयाचें.

मात्र ‘करदाता’ या शब्दानें फसूं नये. १८७२ सालीं मत होतें तें वर्षास निदान ५० रुपये पट्टी देणारास. चाळींतील भाडेकरूच्या भाड्यांतच मालकाची पट्टी वसूल होई, पण कायद्याच्या दृष्टीनें तो करदाता नव्हे; आणि गटारें तुंबलीं तर त्याचा त्रास पहिल्यानें त्यासच. १९२२ सालीं मासिक दहा रुपये भाडें भरणारास मत मिळालें, तरी गिरणीकामगारांची एकेका खोलींत राहणारी बहुतेक वस्ती त्याहूनहि कमी भाड्याची होती. तिला कॉर्पोरेशनच्या निवडणुकींत सरसकट मत मिळालें तें १९४८ सालीं.