अणुवैद्यकीय प्रतिमांकन

किरणोत्सर्गी द्रव्य अत्यल्प प्रमाणात शरीरात सोडून, तिथून बाहेर पडणाऱ्या गॅमा किरणांवरून अवयवांच्या कार्याचे चित्र मिळवण्याची पद्धत. रुग्णांच्या तोंडी ती बोन स्कॅन, थायरॉइड स्कॅन, पेट स्कॅन अशा नावांनी असते. क्ष-किरणांत किरण बाहेरून येतात आणि हाडांची सावली पडते. इथे रुग्णच किरणांचा उगम होतो. यंत्र नुसते टिपत राहते. हाड मोडले आहे का, हे क्ष-किरण सांगतात. हाडात कुठे जोरात घडामोड चालू आहे, हे बोन स्कॅन सांगतो.

भारतात या विद्येचा बराचसा संसार ठाण्याच्या खाडीच्या दोन काठांवर आहे. पश्चिमेला ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्या (मराठीत हेही तुर्भेच, पण खाडीपलीकडे नवी मुंबईतही तुर्भे असल्याने इथे ट्रॉम्बे म्हटले आहे) आणि परळचे १९६३ साली सुरू झालेले रेडिएशन मेडिसिन सेंटर. पूर्वेला खारघरला टाटा स्मारक केंद्राचे अॅक्ट्रेक आणि वाशीला बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी, म्हणजेच १९८९ साली स्थापन झालेले ‘ब्रिट’. रुग्णालयांना लागणारी किरणोत्सर्गी औषधे वाशीत तयार होतात. ब्रिटचा मसाल्यांवर कोबाल्ट-६० चे गॅमा किरण सोडणारा प्रकल्पही वाशीतच आहे. त्यातून मिरची-हळद किरणोत्सर्गी होत नाही, तिच्यातले जंतू तेवढे मरतात. दोन्ही कामे गॅमा किरणांचीच, पण मसाल्यात किरणांचा मारा हवा असतो आणि स्कॅनमध्ये फक्त त्यांची खूण.

ही खूण बहुतेक वेळा टेक्नेशियम-९९एम देते. त्याचे अर्धायुष्य ६ तासांचे आणि गॅमा किरणांची ऊर्जा १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. शरीराबाहेर निघण्याइतकी ती जास्त आहे आणि शिशाने अडवता येण्याइतकी कमी. अडचण एवढीच की सहा तासांत निम्मा होणारा माल साठवून ठेवता येत नाही. एका दिवसात त्याचा सोळावा हिस्सा उरतो. म्हणून रुग्णालयाला टेक्नेशियम न पाठवता त्याचे जनक मूलद्रव्य मॉलिब्डेनम-९९ पाठवतात. त्याचे अर्धायुष्य ६६ तासांचे.

जनरेटर म्हणतात ती वस्तू म्हणजे शिशाच्या जाड कवचातली एक छोटी नळी. नळीत अॅल्युमिनाची पूड आणि तिला चिकटलेले मॉलिब्डेट. मॉलिब्डेनमचा क्षय होऊन टेक्नेशियम तयार झाले की त्याच्या आयनावर दोनऐवजी एकच ऋण भार राहतो आणि पुडीची पकड सैल होते. सकाळी तंत्रज्ञ एका टोकाला मिठाच्या पाण्याची कुपी आणि दुसऱ्या टोकाला शिशाच्या डब्यातली निर्वात कुपी टोचतो. निर्वातामुळे पाणी पुडीतून ओढले जाते, टेक्नेशियम धुऊन घेऊन येते, मॉलिब्डेनम मागे राहते. धार काढणे म्हणतात ते हेच. पुढची धार भरायला साधारण २३ तास लागतात, म्हणजे रोज सकाळी एकदा. आठवड्याने मॉलिब्डेनम सुमारे १७ टक्के उरते आणि जनरेटर आटतो.

हे आज सोपे वाटते, पण भारतात बराच काळ मॉलिब्डेनम-९८ वर न्यूट्रॉनचा मारा करून मिळणारे मॉलिब्डेनम-९९ वापरावे लागे. त्यात किरणोत्सर्गी अणू थोडे आणि निष्क्रिय भरताड फार. ते पेलायला छोटी नळी पुरत नसे. म्हणून मिथिल इथिल कीटोन या द्रावकाने टेक्नेशियम वेगळे काढण्याची खटपट रुग्णालयातच चाले. युरेनियमच्या विखंडनातून निघणारे मॉलिब्डेनम खूपच सकस असते. ते देशातच तयार करणारा ट्रॉम्बेचा प्रकल्प ११ मे २०२३ रोजी राष्ट्राला अर्पण झाला.

टेक्नेशियमचे किरण टिपतो तो गॅमा कॅमेरा. हॅल अँगर यांनी तो १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्कली येथे बनवला आणि त्याची मूळ रचना अजून टिकून आहे. गॅमा किरणांना भिंग चालत नाही. मग समोर हजारो बारीक भोके असलेले शिशाचे जाड पत्रे ठेवतात. सरळ येणारा किरण भोकातून जातो, तिरपा शिशात मरतो. दहा हजारांत एखादाच आत पोचतो, आणि चित्र धुरकट व वेळखाऊ असण्याचे मुख्य कारण हेच. पोचलेला किरण सोडियम आयोडाइडच्या स्फटिकात क्षीण प्रकाश पाडतो, मागच्या फोटोमल्टिप्लायर नळ्या तो मोजतात आणि कुठल्या नळीला किती प्रकाश मिळाला यावरून जागा ठरते. वाटेत धडकून भरकटलेल्या किरणाची ऊर्जा घटलेली असते, त्यामुळे तो ओळखून वगळता येतो.

पेट स्कॅनने शिशाची ही चाळण काढूनच टाकली. शरीरात टोचलेल्या फ्लुओरीन-१८ मधून निघालेला पॉझिट्रॉन मिलिमीटरभराच्या आतबाहेर फिरून एखाद्या इलेक्ट्रॉनला भेटतो. दोघे नष्ट होतात आणि ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन किरण जवळजवळ विरुद्ध दिशांना सुटतात. रुग्णाभोवतीच्या वर्तुळातल्या दोन स्फटिकांनी काही नॅनोसेकंदांच्या आत एकदम वर्दी दिली, की घटना त्यांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी घडली हे नक्की. प्रकाश नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, म्हणून वेळेतला ०.४ नॅनोसेकंदांचा फरक ओळखणारे यंत्र ती जागा रेषेवर तेवढ्या वेळातल्या अंतराच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे ६ सेंटिमीटरपर्यंत, आवळू शकते.

फ्लुओरीन-१८ सायक्लोट्रॉनमध्ये तयार होते. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली परळच्या केंद्रात बसला. फ्लुओरीन-१८ चे अर्धायुष्य ११० मिनिटांचे. माल घेऊन निघालेली गाडी खाडीपुलावर आणि पुढे मिळून दोन तास अडकली, तर निम्म्याहून जास्त औषध रस्त्यातच संपते. डोस ठरवणाऱ्याला वाहतूक कोंडीही गणितात धरावी लागते.

रुग्णांची भीती बहुधा ‘आत काय राहील’ याची असते. बोन स्कॅनसाठी साधारण ७४० मेगाबेक्वेरल, म्हणजे सेकंदाला ७४ कोटी क्षय होतील एवढे टेक्नेशियम टोचतात. त्याचे वजन सुमारे ४ नॅनोग्रॅम. ते क्षय पावून टेक्नेशियम-९९ होते, ज्याचे अर्धायुष्य सुमारे २ लाख ११ हजार वर्षे आहे. आकडा ऐकून दचकायला होते, पण एवढ्या संथ द्रव्यातून सेकंदाला जेमतेम दोन-तीन क्षय होतात. आपल्या शरीरातल्या नैसर्गिक पोटॅशियम-४० चे क्षय सेकंदाला ४ हजारांच्या घरात असतात.