चिन्हासमोरील कळ

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली, तेव्हा देशात शंभरांपैकी सुमारे अठराच माणसे साक्षर होती. नाव वाचता न येणाऱ्यालाही आपला उमेदवार ओळखता यावा, म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी ठेवून तीवर त्याचे चिन्ह लावण्यात आले. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत सर्व चिन्हे एकाच मतपत्रिकेवर आली व मतदाराच्या हाती शिक्का आला. साधन पालटले, चिन्ह मात्र कायम राहिले.

१९८२ साली केरळातील परूर मतदारसंघाच्या ५० केंद्रांवर प्रथमच मतदान यंत्र वापरले गेले. कायद्यात तशी तरतूद नसल्याने १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मतदान अग्राह्य ठरविले. ती तरतूद १९८८ च्या डिसेंबरात झाली.

या यंत्राला बाह्य रूप दिले ते मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्राच्या अध्यापकांनी. प्रश्न बिकट होता. गणकयंत्र कधीही न पाहिलेला मनुष्य आडोशामागे एकटा उभा राहणार; मतदान गुप्त असल्याने त्याने विचारावे तरी कोणाला? म्हणून ओळखीची मतपत्रिकाच यंत्राच्या पारदर्शक आवरणाखाली बसविण्यात आली आणि प्रत्येक चिन्हासमोर एकेक निळी कळ आली. कळ दाबताच लाल दिवा लागतो व दीर्घ ध्वनी होतो. अधिकाऱ्याने पुन्हा मोकळीक दिल्याखेरीज दुसरे मत नोंदले जात नाही. यंत्र बॅटरीवर चालत असल्याने वीज नसलेल्या खेड्यातही अडत नाही. २००४ साली लोकसभेची संपूर्ण निवडणूक याच यंत्रांवर झाली.

तथापि शंका उरलीच. मत स्वीकारले गेले, एवढेच दिवा आणि ध्वनी सांगत. आत कोणाच्या नावे नोंद झाली, हे मतदाराला दिसत नसे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने छापील चिठ्ठीची व्यवस्था टप्प्याटप्प्याने करण्याचा आदेश दिला. नाव व चिन्ह असलेली ही चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते. सर्वच चिठ्ठ्या मोजाव्यात ही मागणी २०२४ साली न्यायालयाने अमान्य केली. वाद मात्र सर्वस्वी शमलेला नाही.

यंत्र हाताळण्यास सुलभ करणे हे अर्धेच कार्य होय. त्याने आतमध्ये काय केले, हे सामान्य माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता यावे, हे उरलेले अर्धे. ते उमगण्यास तीन दशके लागली आणि त्यासाठी पुन्हा कागद व चिन्ह यांकडेच वळावे लागले.