प्रोटॉन शलाका संचयन

प्रोटॉन शलाका संचयन म्हणजे कोलायडरच्या वलयात प्रोटॉनांचे अनेक स्पंद एकामागून एक सोडून शलाकेचा विद्युत प्रवाह वाढवत नेण्याची प्रक्रिया होय. समोरासमोर येणाऱ्या शलाकांतील बहुतेक प्रोटॉन एकमेकांवर न आदळताच पुढे निघून जातात. टकरींचा दर दोन्ही प्रवाहांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. त्यामुळे दोन्ही प्रवाह दुप्पट केल्यास, इतर बाबी समान असताना, टकरी चौपट होतात.

मात्र भरलेल्या जागी आणखी प्रोटॉन कोंबता येत नाहीत. ल्यूव्हिल यांच्या सिद्धांतानुसार स्थान व संवेग यांच्या एकत्रित अवकाशातील कणांची घनता बाह्य क्षेत्रांनी वाढवता येत नाही. म्हणून नवा स्पंद रेडिओ कंप्रतेच्या विद्युत क्षेत्राने किंचित वेगळ्या संवेगाला नेऊन आधीच्या स्पंदाशेजारी ठेवतात. कोठारात पोत्याला लागून पोते रचावे, तसेच हे.

आयएसआर

या पद्धतीची खरी कसोटी सर्न येथील आयएसआर या पहिल्या प्रोटॉन कोलायडरवर लागली. तेथे २७ जानेवारी १९७१ रोजी पहिल्या टकरी नोंदल्या गेल्या. वलयाचा परीघ सुमारे ९४३ मीटर होता. एका स्पंदात १ लाख कोटी प्रोटॉन धरल्यास त्यातून जेमतेम ०.०५ अँपिअर प्रवाह मिळतो; म्हणजे २० अँपिअरसाठी सुमारे ४०० स्पंद रचावे लागत.

प्रवाह वाढू लागताच अडथळा आला तो नळीच्या भिंतींचा. शलाकेमुळे नळीत उरलेल्या वायूचे आयनन होई. धन आयन शलाकेपासून दूर लोटले जाऊन भिंतीवर आदळत आणि तेथे चिकटलेला वायू मोकळा करत. त्यातून आणखी आयन तयार होऊन दाब झपाट्याने चढे व शलाका नष्ट होई. नळी सुमारे ३०० अंश सेल्सिअसला तापवणे, विद्युत विसर्जनाने तिचे पृष्ठभाग स्वच्छ करणे आणि पंप वाढवणे, हे त्यावरचे उपाय ठरले. पुढे एका वलयातील प्रवाह ५७ अँपिअरपर्यंत पोहोचला.

एलएचसी व तुर्भे

एलएचसीमध्ये संवेगानुसार थर रचत नाहीत. तेथे प्रोटॉनांचे वेगवेगळे पुंजके वलयात ओळीने भरतात. मूळ आराखड्यानुसार प्रत्येक शलाकेत २,८०८ पुंजके व पुंजक्यात सुमारे ११,५०० कोटी प्रोटॉन असतात, प्रवाह ०.५८ अँपिअर. आयएसआरपेक्षा तो पुष्कळ कमी असला, तरी पुंजके टकरीच्या जागी अतिशय बारीक केल्यामुळे टकरी कितीतरी अधिक होतात.

या साखळीच्या आरंभी असलेला लिनॅक ४ ऋण हायड्रोजन आयनांना त्वरण देतो. बूस्टर वलयात शिरताना पातळ पत्र्यातून जाताना त्यांचे इलेक्ट्रॉन निघून जातात, त्यामुळे आधीच्या प्रोटॉनांच्या जागीच नवे प्रोटॉन ठेवता येतात. ल्यूव्हिल यांच्या नियमाला दिलेली ही बगल मोठी चतुर आहे.

कमी ऊर्जेला प्रोटॉनांचे परस्पर प्रतिकर्षण तीव्र असते. मुंबईतील तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या लेहिपा या रेषीय त्वरकापुढेही हाच प्रश्न होता. तो कोलायडर नव्हे. तीव्र शलाकेसाठी उभारलेल्या या यंत्रात प्रोटॉन ५० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपासून २० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत नेले जातात.